एकही इंजिन न भेटता

डहाणू तालुक्यात चिकूची झाडं किती आहेत ते मला माहीत नाही, पण सकाळी सुचलेल्या वेडगळ कल्पनेसाठी दुपारच्या जेवणाआधी खड्डे खणायला घेणारी माणसं किती, हे मी खात्रीने सांगू शकते. एकच. ते बाबांचे शाळासोबती. आमच्या वाडीला लागूनच त्यांची चिकूची वाडी, आणि मी त्यांना लहानपणापासून नुसतं 'काका' म्हणत आले. उंच, किडकिडीत, मान जराशी पुढे काढलेली. आपल्याला काहीतरी ऐकू येतंय आणि ते इतरांना येत नाही याचं दुःख चेहऱ्यावर कायम. २०१४ पर्यंत ते तसे निरुपद्रवी होते. म्हणजे मधमाश्या पाळल्या होत्या, त्या आमच्याकडे येऊन बाबांना चावल्या होत्या. बदकं पाळली होती, ती समुद्राकडे निघून गेली होती. पण त्या वर्षी त्यांच्या मुलीने आणि जावयाने त्यांना पंधरा दिवस जर्मनीला नेलं आणि तिथे एका नदीकाठच्या रस्त्यावर सायकलवर बसवलं. जे गेले ते आमचे काका होते. परत आले ते कोणी दुसरेच.

त्या नदीचं नाव त्यांना कधीच सांगता आलं नाही. 'ती नदी' एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. नदीच्या दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरभर द्राक्षं, आणि काठाने मैलोन्‌मैल एक रस्ता, ज्यावर सायकलशिवाय काही चालत नाही. गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. संध्याकाळी कुठल्याही गावात थांबायचं, तिथल्या द्राक्षांची वाइन प्यायची, सकाळी पुढे निघायचं. "पंधरा दिवसांत एक इंजिन ऐकलं नाही पोरी," ते मला म्हणाले, "एक." ते तिथे विमानाने गेले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. मी सहसा कोणाला कसली आठवण करून देत नाही.

तर परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की डहाणू-तलासरीत आणि त्या मुलखात काहीही फरक नाही. नदी आहे, डोंगर आहेत, सायकली आहेत. कमी आहेत ती फक्त द्राक्षं. रानशेतच्या पुढे त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची सामाईक डोंगरी होती. त्यावर गवत, दगड आणि चारसहा ताड सोडले तर काही नव्हतं. काकांनी नाशिककडून द्राक्षाची रोपं आणली आणि त्या उतारावर लावली. आता काका तिसऱ्या पिढीचे चिकूवाले. चिकूच्या माणसाला जमिनीत काही लावायचं म्हटलं की त्याचे पाय आपोआप तीस फूट चालतात आणि मग थांबतात. चिकूला तेवढी जागा लागतेच. नातवंडांच्या काळात फांद्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. काकांनी द्राक्षंही तीस-तीस फुटांवर लावली. डोंगरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, वेलींची राखण करणाऱ्या जानकीबाई बरेच दिवस बघत होत्या. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच, "सायब, ह्या येली एकमेकीशी बोलत नाय का?"

काका म्हणाले, "वाढतील, मग बोलतील." वाढल्या नाहीत. नाशिकच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की वर्षातून दोनदा छाटणी करा. ते काकांनी मनावर घेतलं नाही. चिकूला कोणी कात्री लावतं का? "झाडाचे हात तोडायचे आणि वर त्याच्याकडून फळ मागायचं, ही कुठली रीत?" असं ते मला रागाने म्हणाले, जणू कात्री माझ्याच हातात होती. मग आमच्याकडचा पावसाळा आला, आणि आमच्याकडचा पावसाळा द्राक्षाला काय करतो ते मी इथे लिहीत नाही. एक वेल तेवढी वाचली. ती ताडावर चढली. दोन वर्षांनी तिला एक घोस आला, अकरा मण्यांचा, आणि तोही इतक्या उंचावर की ताडी काढणाऱ्यालाच तो दिसला. त्याने तो वरच खाल्ला. खाली उतरून म्हणाला, आंबट होता. काकांनी त्या दिवशी वहीत लिहिलं, 'पहिले पीक.'

वाइनची अडचण त्यांनी त्याहून लवकर सोडवली. चिकूचं सरबत उभ्या दांड्याच्या काचेच्या ग्लासांत ओतायचं, ग्लास तिरका धरून उजेडात बघायचा, नाक आत घालायचं आणि डोळे मिटायचे. पाहुणा आला की हा कार्यक्रम ठरलेला. मी एकदा विचारलं, "काका, वास कसला येतोय?" तर म्हणाले, "मातीचा." सरबत करणाऱ्या काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, काहीतरीच काय! धुऊन घेतलेत चिकू!"

त्यांच्या कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण काकूंना ते आवडणार नाही. जर्मनीहून त्यांनी सायकलवाल्यांची ती घट्ट, मागे गादी शिवलेली काळी चड्डी आणली होती. काकूंनी एकदाच ती बघितली आणि सांगितलं की वरून लेंगा घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे काका लेंगा घालून सायकल चालवत, आणि आतल्या गादीमुळे चालताना मागून असे दिसत की रिक्षावाले त्यांना आपणहून जागा देत. डोक्यावर हेल्मेट. ते चिकू उतरवतानाही घालत.

पण खरी गोष्ट इंजिनाची. 'वाहनमुक्त सायकल सहल, डहाणूच्या समुद्रापासून झरीच्या नदीपर्यंत, दोन दिवस, एकही इंजिन न भेटता' असं माहितीपत्रक त्यांनी काढलं. त्याचं इंग्रजी मी केलं. मी इंग्रजी माध्यमात शिकले म्हणजे मला जगात कोणाशीही बोलता येत असणार, असा त्यांचा समज होता. खरं सांगायचं तर मराठी, इंग्रजी, हिंदी आणि शेजारपाजारामुळे गुजराती, अशा चार भाषांत मी गप्प बसू शकते. त्यांनी मला सहलीची गाइड नेमलं. पाहुण्यांच्या मागे राहायचं, कोणी पडलं तर उचलायचं आणि कोणी इंग्रजीत काही विचारलं तर हसायचं, एवढं काम मला जमण्यासारखं होतं.

वाटा त्यांनी खरोखर शोधल्या होत्या, हे मान्य करायला हवं. बांधाबांधाने, पाड्यांमधून, गुरांच्या वाटांनी, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. तरी रस्ते ओलांडावे लागतच. त्यासाठी नियम होते. इंजिनाचा आवाज आला की सगळ्यांनी सायकलवरून उतरायचं आणि रस्त्याकडे पाठ करून झाडं बघायची. वाहन गेलं की पुन्हा बसायचं. जे आपण बघितलं नाही ते भेटलं नाही. शेतातला पाण्याचा पंप चालायचा, कारण त्याला इंजिन असलं तरी तो जागचा हलत नाही. एस.टी. चालायची नाही. आणि सामान, तंबू, पाण्याचे कॅन घेऊन एक टेम्पो आमच्या मागून येत असे. तो चिकू बाजारात नेणारा टेम्पो, काळा धूर सोडणारा, चढावर असा ओरडणारा की बगळे उडावेत. पत्रक लिहिताना मी हळूच विचारलं, "टेम्पोचं काय लिहू?" काका म्हणाले, "तो वाहन कुठे आहे? तो घरचा आहे."

पहिल्या दोन वर्षांत सात-आठ सहली निघाल्या आणि एकही झरीपर्यंत पोचली नाही. एकदा पाहुण्यांचे गुडघे गेले, एकदा आमचा टेम्पोच रुतला, एकदा एका पाड्यावर लग्न होतं आणि पाहुणे तिथेच जेवायला बसले ते उठलेच नाहीत. या सगळ्याकडे काकांचे थोरले भाऊ बघत होते. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा म्हणजे काकांच्या उलट: ठेंगणे, रुंद, कमी बोलणारे, पांढरा सदरा, खिशात चष्म्याचं घर. वाडीचा सगळा कारभार तेच बघत. क्रशरवाल्यांनी त्यांच्याकडे डोंगरी मागितली होती, खडीसाठी. २०१६ च्या दिवाळीत, फराळाच्या ताटावर, आम्ही सगळे बसलेले असताना त्यांनी विषय काढला.

"तिथे दगडच पिकतात," दादा म्हणाले, "मग दगडच देऊ."

"द्राक्षं आहेत तिथे," काका म्हणाले.

"द्राक्ष आहे. एक. ताडावर."

"दादा, तिथे लोक मुक्काम करतात. ती डोंगरी गेली तर सहलीत राहिलं काय?"

"तुझी सहल झरीला कधी पोचलीय का रे?"

काका चकली मोडत राहिले. दादा पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे बघ. उगाच लोक म्हणतील, थोरल्याने धाकट्याचं ऐकलं नाही. होळीच्या आत एक टोळी ने झरीला, तू पत्रकात लिहिलंयस तशी. एकही इंजिन न भेटता. मी स्वतः नदीवर येऊन बसतो. पोचलास, तर मी डोंगरीचं नाव काढणार नाही. नाही पोचलास, तर सही कर."

"करीन," काका ताडकन म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी लाडू बघत होते.

फेब्रुवारीत मुंबईहून सहा जण आले. त्यांतल्या पाच जणांचे चेहरे मला आठवत नाहीत. सहाव्या, गॉगल लावलेल्या बाई, परदेशात अशी सहल करून आलेल्या होत्या, आणि काकांची 'ती नदी' त्यांनीही बघितली होती. त्यांना नावही माहीत होतं. काका पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे असे काही वागायला लागले की मला त्यांच्याकडे बघवेना. उतारावर दोन्ही हात सोडले. सरबताचा ग्लास धरून 'यंदाचं साल जरा कोरडं आहे' म्हणाले. पण पहिला दिवस पार पडला. डोंगरीवर मुक्काम झाला, जानकीबाईंनी नागलीच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली, आणि नियमाप्रमाणे पाहुण्यांनी एकूण अकरा वेळा झाडं बघितली. टेम्पोला काकांनी त्या वेळी डहाणूलाच ठेवलं होतं. सामान आदल्या दिवशी पोचवलं होतं. यावरून त्यांना हे किती मनापासून हवं होतं ते कळावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तलासरी तालुक्यात होतो. झरी दीड तासावर. तिथे वाघदेवाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी दोन वाटा फुटतात. डावी ओढ्यात उतरते आणि नदीला जाते. उजवी कुठे जाते ते मला माहीत होतं, कारण काकांबरोबर मी ती वाट तीनदा पाहिली होती आणि पत्रकाचा नकाशा मीच काढला होता. डाव्या वाटेच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर आडवा रुतून बसला होता, इंजिन चालू, चाक फिरतंय, चिखल उडतोय. ट्रॅक्टरवाला काकांना म्हणाला, "दोनच मिंटं थांबा सायब, काढतोच."

काकांनी हात वर केला. सगळे उतरले, पाठ करून झाडं बघायला लागले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. ट्रॅक्टर ओरडत होता. गॉगलवाल्या बाई म्हणाल्या, "हे असं आमच्या त्या ट्रिपमध्ये नव्हतं हं," आणि हसल्या. काकांची मान एकदम वर झाली. "इकडूनही वाट नदीलाच जाते," ते म्हणाले, "उलट जास्त सुंदर." आणि उजवीकडे निघाले.

मी ब्रेक लावला. माझ्या सायकलचा ब्रेक फार वाईट किंचाळतो. सहाच्या सहा जणांनी मागे वळून बघितलं. मी म्हणायला हवं होतं, 'काका, ती वाट नाही.' चार शब्द. मराठीत तर नक्कीच येतात मला. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे बघत असले की माझ्या तोंडात शब्द राहत नाहीत. मी हसले, कारण तेच माझं काम होतं, आणि त्यांच्या मागे निघाले.

तासाभराने वाट रुंद झाली. कडेला फाटके टायर दिसले, मग पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, मग वाळत घातलेल्या लुंग्या. घरघर ऐकू यायला लागली. काका न वळता म्हणाले, "पंप असेल कोणाचा." मग एका टेकाडावर चढून आम्ही पलीकडे उतरलो, आणि समोर गुजरातच्या सीमेवरचा, ट्रक काट्यावर तोलणारा अच्छाडचा नाका होता.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना कसं सांगू. हायवे, त्यावर ट्रक, ट्रकच्या मागे ट्रक, त्याच्या मागे कंटेनर, नजर जाईल तिथपर्यंत रांग. ड्रायव्हर खाली बसून कांदा चिरत होते, आरशात बघून दाढी करत होते, चाकांच्या सावलीत झोपले होते. एकही इंजिन न भेटता निघालेली आमची सहल, लेंगा घातलेल्या एका माणसाच्या मागे, ओळीने त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. एक ड्रायव्हर ब्रशाचा फेस सावरत म्हणाला, "अरे काका, साइकिल का भी काँटा होगा! लाइन में लगो!" सगळी रांग हसली. काकांनी हेल्मेट काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "यातली बरीचशी इंजिनं बंद आहेत."

पाहुणे मात्र खूश. ढाबेवाल्याने "आवो काका, बेसो, बेसो" करत खाटा झटकल्या. त्यांनी डाळ मागवली, ट्रकच्या रंगवलेल्या दारांपुढे उभं राहून फोटो काढले, आणि गॉगलवाल्या बाईंनी वहीत अभिप्राय लिहिला की शेवटचा टप्पा सर्वांत अस्सल वाटला. मग सगळ्यांनी फोन करून गाड्या मागवल्या आणि ते तिथूनच मुंबईला गेले. निघताना सहाही जणांनी काकांशी हात मिळवला. काकांनी मिळवला.

दादा झरीला बसले होते. काकांनी स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला आणि ते खाटेच्या दोऱ्या बघत राहिले. मी केला. आयुष्यात मी फार कमी फोन आपणहून केले आहेत.

"कुठे आहात?" दादांनी विचारलं.

"अच्छाडला."

मला नदीवरचा वारा तेवढा ऐकू येत होता. मग दादा म्हणाले, "ट्रक आहेत का खूप?"

"हो."

"मग त्याला सायकलवरून येऊ देऊ नकोस. तिथेच बसून राहा. मी गाडी घेऊन येतो."

काकांनी सही केली. ज्या माणसाने पंपाला वाहन न ठरवण्यासाठी माझ्याशी आठवडाभर वाद घातला होता, त्याने या वेळी एका शब्दाने हुज्जत घातली नाही. ट्रॅक्टर आडवा होता, हेसुद्धा सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर क्रशर सुरू झाला. मी हे लिहिते आहे त्या २०१९ मध्ये ती डोंगरी अर्धीच उरली आहे. रस्त्याने जाताना तिची कापलेली बाजू दिसते, ओली असली की लालभडक. ताड गेले. जानकीबाई आता पायथ्याऐवजी रस्त्याच्या पलीकडे राहतात आणि धूळ बसते म्हणून भांडी पालथी ठेवतात.

सही झाली त्याच वर्षी, होळी झाल्यावर एका मंगळवारी काका सकाळीच आमच्या फाटकाशी आले. सायकल बरोबर. "येतेस?" म्हणाले. कुठे ते मी विचारलं नाही. वाघदेवाच्या दगडापाशी आम्ही उतरलो. तिथे मी, आजूबाजूला कोणी नसल्यामुळे, म्हणाले, "काका, त्या दिवशी मला माहीत होतं, उजवी वाट चुकीची आहे."

"मलाही माहीत होतं," काका म्हणाले. "तू ब्रेक लावलास तेव्हाच आठवलं."

"मग?"

"मग काय. त्या बाई बघत होत्या."

डावी वाट मोकळी होती. ओढ्यात उतरलो, करंजाच्या सावलीतून गेलो, एका पाड्यावर एका म्हाताऱ्याने "कठं चाललां?" विचारलं आणि काका म्हणाले, "नदीवर," तर तो म्हणाला, "मंग जा." दीड तासात झरीच्या नदीचं पाणी दिसलं. काकांनी सायकल उभी केली आणि कान देऊन ऐकलं, बराच वेळ, सगळ्या दिशांना. डोंगरीपासून इथपर्यंत आम्हाला काही भेटलं नव्हतं. ना ट्रॅक्टर, ना मोटरसायकल, ना पंपसुद्धा. झाडं बघायला आम्ही एकदाही रस्त्याकडे पाठ फिरवून उभे राहिलो नव्हतो. ती आपली येताजाताच दिसली होती.

मी फोन काढला. दादांचा नंबर लावत होते, आणि या वेळी मला बोलायचंही होतं.

"नको," काका म्हणाले.

"पण पोचलो ना आपण. त्यांना कळू दे तरी."

"आता सही झाली पोरी. कळलं तर उगाच झोप उडेल त्याची."

मी फोन पिशवीत ठेवला. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. तिचा हात खाली यायचा आणि जरा वेळाने आवाज यायचा. काका लेंगा वर करून पाण्यात पाय सोडून बसले. त्यांचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. फार पांढरे आणि म्हातारे होते.